बर्लिनमध्ये जन्म घेण्याची रीत

बर्लिनच्या विमानतळावर उतरलेली व्यक्ती सरकारी दृष्टीने अजून जन्मलेली नसते. ती चालते, बोलते, दोन अवजड बॅगा ओढते, तिच्या जॅकेटच्या खिशात आईने ऐनवेळी कोंबलेली मेतकुटाची पुडी असते. पण ती आहे असं म्हणता येत नाही. असण्यासाठी ‘अनमेल्डुंग’ व्हावं लागतं, म्हणजे अमुक रस्त्यावरच्या अमुक घरात ही बाई राहते अशी नागरी दप्तरात नोंद. घरात राहायला गेल्यापासून 14 दिवसांत ती करायची, असा कायदा आहे. कायदा अगदी सोपा. अडचण एवढीच, की नोंदीला घरमालकाचं पत्र लागतं, घरमालकाला बँकेचं खातं लागतं, मी गेले त्या बँकेला नोंद लागत होती, आणि या तिघांनाही भेटायला ‘टर्मिन’ लागतो. टर्मिन म्हणजे आधी ठरवून घेतलेली वेळ. बर्लिनमध्ये टर्मिन न घेता फक्त पाऊस येतो.

हे सगळं मला जळगावकरदादाने सांगितलं. परदेशात शिकायला गेलेल्या प्रत्येक मराठी मुलीला असा एक दादा भेटतोच. कुणाचा नांदेडकर असतो, कुणाचा चिपळूणकर. तो तीन वर्षं बर्लिनमध्ये होता आणि तीस वर्षं असल्यासारखा बोलत होता. विमानतळावर मला घ्यायला आला तेव्हा ‘प्रवास कसा झाला’ वगैरे न विचारता त्याने छताकडे बोट दाखवलं. “या विमानतळाचं उद्घाटन 2012 च्या जूनमध्ये ठरलं होतं. उघडला कधी? 2020 च्या ऑक्टोबरअखेर. धूर बाहेर जायची व्यवस्था जमेना. तेव्हा उद्या टर्मिन मिळाला नाही म्हणून रडत फोन करू नकोस.”

मी विचारलं, “आधी काय घेऊ? गरम जॅकेट की सिमकार्ड?”

“पंच,” तो म्हणाला. “दोन भोकं पाडायचा. आणि एक जाड फाइल. थंडीने इथे कोणी मरत नाही. कागद हरवलेली माणसं मात्र मी पाहिली आहेत.”

त्या वेळी माझ्या नावावर 11,904 यूरो होते. आमच्या सात पिढ्यांत एवढी श्रीमंत मुलगी झालेली नाही, आणि होण्यासाठी बाबांनी काय काय गहाण टाकलं ते इथे सांगत नाही. हे पैसे व्हिसासाठी कुलूपबंद खात्यात ठेवायचे, त्यातून महिन्याला 992 सुटतात. पण सुटून जायला दुसरं चालू खातं पाहिजे, आणि चालू खात्याला... ते वर आलंच आहे. त्यामुळे लक्षाधीश असूनही पहिला आठवडा मी पावाला मेतकूट लावून काढला. (मेतकूट जर्मन राय धान्याच्या पावावर बरं लागतं. पाव वाईट लागतो.)

खोली शोधणं हा स्वतंत्र अध्याय आहे. विद्यार्थी इथे ‘वेगे’मध्ये राहतात: तीन-चार जण एक फ्लॅट घेतात, खोली ज्याची त्याची, स्वयंपाकघर सगळ्यांचं. एक खोली रिकामी झाली की उरलेले लोक उमेदवारांना बोलावून मुलाखती घेतात. मला बोलावणं आलं ते नॉयकोल्न भागातून. पत्ता बघून इमारत सापडली, पण फ्लॅटला नंबर नव्हता. इथे दारावरच्या बेलपाशी आडनावं असतात, नंबर नसतातच. शिवाय रस्त्यावरची इमारत पुढची, तिच्या पोटातून गेलं की अंगण, अंगणापलीकडे मागची. मी मागच्या इमारतीचे चार जिने चढून पोचले तेव्हा स्वयंपाकघरात आधीच दोघे बसले होते. एक इटालियन, एक ब्राझिलियन. मुलाखत सगळ्यांची एकदमच होती.

घेणारे दोघे. लाइपझिगहून आलेली वास्तुकलेची विद्यार्थिनी, आणि हॅनोव्हरचा एक तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी, जो पूर्ण वेळ सायकलची चेन पुसत होता. भाडं परवडेल का, हे कोणीच विचारलं नाही. लाइपझिगवालीने विचारलं, “तुझं झाडांशी कसं जमतं?” हॅनोव्हरवाल्याने विचारलं, “राग आला तर तू बोलतेस की दार आपटतेस?” नंतर दोघांनी मिळून, “या घराला तू काय देशील?” इटालियन म्हणाला, दर शुक्रवारी पास्ता. ब्राझिलियन छातीवर हात ठेवून म्हणाला, आनंद. माझ्याकडे गिटार नव्हती, योगासनं येत नव्हती, आणि भारतीय मुलीला योगासनं येत नाहीत हे कळल्यावर त्या दोघांच्या चेहऱ्यावर जी छाया आली ती मी पाहिली होती. मी खरं तेच सांगितलं, “मी जेवल्याबरोबर भांडी घासते.”

हॅनोव्हरवाल्याच्या हातातली चेन थांबली. खोली मला मिळाली.

रात्री आईला फोन केला. तिकडे साडेदहा वाजून गेले होते.

“काय विचारलं त्यांनी?”

“झाडांशी कसं जमतं ते.”

“आणि पगार? बाबांचा?”

“नाही विचारला.”

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “सांभाळून राहा गं. फार चौकशी न करणारी माणसं मला बरी वाटत नाहीत.”

चौकशी न करण्यात हे शहर एकूणच पटाईत आहे. स्टेशनात शिरताना फाटक नाही, अडवणारं कोणी नाही, जिना उतरायचा की थेट गाडीत. तिकीट तुम्ही काढलंच असणार, असा विश्वास. मात्र साध्या कपड्यातले तपासनीस अधूनमधून डब्यात उभे राहतात आणि विश्वास खोटा ठरला तर 60 यूरो घेतात. ते ओळखायचे कसे, याचं शास्त्र जळगावकरदादाकडे होतं. “जो तुझ्याकडे बघून हसेल तो तपासनीस. बर्लिनमध्ये बाकी कोणी हसत नाही.” त्यामुळे पास खिशात असूनही पहिले काही दिवस मी हसऱ्या माणसाला बघून दचकत होते. दादाची आवडती गाडी म्हणजे शहराभोवती गोल फिरणारी रिंगबान: एस-41 घड्याळाच्या दिशेने, एस-42 उलट, 27 स्टेशनं, 37 किलोमीटर, तासाभरात परत तिथेच. हिवाळ्यात परीक्षेचा अभ्यास तो तिच्यातच करतो. डबा गरम असतो, उतर म्हणणारं कोणी नसतं.

कॉलेजच्या वेळापत्रकात माझा तास दहाचा होता. मी पावणेदहाला हजर. वर्गात एकटी. दहा वाजले, तरी एकटी. सव्वादहाला दार उघडलं आणि प्राध्यापकांसकट सगळे एकदम आत आले. वेळेपुढे ‘सी.टी.’ ही अक्षरं असली की तास पंधरा मिनिटांनी सुरू होतो. याला शैक्षणिक पाव तास म्हणतात आणि तो जुन्या काळापासून चालत आलेला आहे. आमच्या कोल्हापुरातही दहाचा कार्यक्रम दहाला होत नाही, पण तो कधी होईल हे देवालाही ठाऊक नसतं. यांनी उशीरसुद्धा वेळेवर बसवला आहे. सव्वादहानंतर एक मिनिटाने आलेल्या मुलाकडे सगळ्यांनी असं पाहिलं, की मला त्याची दया आली.

एका दुपारी भुयारी रेल्वेने डालेमला गेले. तिथे इनेश्ट्रासे 22 ही इमारत आहे. आता तिच्यात राज्यशास्त्र शिकवतात. 1920 च्या दशकाच्या अखेरीस ती कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्था होती, आणि आपल्या इरावतीबाई कर्वे तिथे माणसांच्या कवट्या मोजत होत्या. मार्गदर्शक होते ओयगेन फिशर, वंशावंशांत उच्चनीच मानणारे. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या फरकाचा वंशाशी संबंध आहे का, हे पाहायचं होतं. बाईंनी मोजलं आणि संबंध नाही असा निष्कर्ष काढला. नुसता मनात ठेवला नाही, प्रबंधात लिहून दिला, तोही जर्मनमध्ये.

मी त्या दारासमोर उभी होते तेव्हा माझ्याही मनात एक मतभेद होता. वेगेत ‘पुट्झप्लान’ नावाचा साफसफाईचा तक्ता फ्रिजवर लावलेला असतो, आणि त्यात संडास सलग दोन आठवडे माझ्या वाट्याला आला होता. बाईंचं स्मरण करून मी त्याच संध्याकाळी लाइपझिगवालीला ते जर्मनमध्ये सांगितलं. क्रियापद बहुधा चुकीच्या जागी पडलं. तिने तक्ता पाहिला, बरोबर आहे म्हणाली, खोडलं, हॅनोव्हरवाल्याचं नाव लिहिलं आणि चहा ओतायला वळली. राग नाही, सॉरी नाही, ‘मला तसं म्हणायचं नव्हतं’ नाही. आमच्या घरी एवढ्यावर दोन जावा तीन महिने बोलल्या नसत्या. त्या दिवसापासून फ्रिजवरच्या त्या कागदाबद्दल माझं मत बदललं.

रविवारी दुकानं बंद. हा दुकानदारांचा आळस नाही, संविधान आहे: 1919 च्या वायमार संविधानातलं रविवारच्या विश्रांतीचं कलम आजच्या जर्मन संविधानाने जसंच्या तसं आत घेतलं आहे. त्यामुळे शनिवारी कांदे आणायचे राहिले तर गाठ थेट संविधानाशी. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, रिकाम्या काचेच्या बाटल्या डब्यात टाकायच्या नाहीत, कारण त्या खळकन वाजतात. अशा एका नीरव रविवारी मी आमटीसाठी कुकर लावला.

पहिली शिट्टी अंगणभर घुमली. समोरच्या तीन खिडक्या उघडल्या. हॅनोव्हरवाला खोलीतून अनवाणी धावत आला आणि दारातच थांबला. लाइपझिगवाली मात्र वही घेऊन आली. हे यंत्र किती वेळ चालतं? मी म्हटलं, तीन शिट्ट्या. म्हणजे किती मिनिटं? म्हणजे तीन शिट्ट्या. भाताला? दोन. राजम्याला? रात्रभर भिजवला असेल तर सहा, नाहीतर देव जाणे. तिने ‘देव जाणे’ लिहून घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी फ्रिजवर नवा तक्ता होता: पदार्थ, शिट्ट्यांची संख्या, आणि रात्री दहा ते सकाळी सहा शून्य. त्याची एक प्रत तिने अंगणातल्या फलकावर शेजाऱ्यांच्या माहितीसाठी लावली. त्यानंतर एकही खिडकी उघडली नाही.

अखेर टर्मिन मिळाला. बर्लिनमध्ये नोंद कुठल्याही भागातल्या कार्यालयात करता येते, त्यामुळे माझा टर्मिन शहराच्या पार दुसऱ्या टोकाला निघाला. आदल्या रात्री जळगावकरदादाचा फोन. “फॉर्मवर धर्म विचारतात. रिकामा सोड. चर्चचा कर असतो, इथे आयकराच्या 9 टक्के. देव मनात ठेव, फॉर्मवर आणू नकोस.” आता हा कर चर्चच्या आणि तशा नोंदणीकृत धर्मसंस्थांच्या सभासदांनाच असतो, अंबाबाईचा त्यात संबंध नाही, आणि मला आयकर लागण्याइतकी कमाई तर मुळीच नव्हती. पण दादापुढे कोण बोलणार.

खिडकीपलीकडच्या बाईंनी माझी फाइल पाहिली, कागदांना पाडलेली भोकं पाहिली, आणि पहिल्यांदाच एका जर्मन सरकारी चेहऱ्यावर मला मान्यता दिसली. चार कळा दाबल्या, शिक्का मारला. झालं. मी होते.

शहराने याची दखल लगेच घेतली. पोस्टाच्या पेटीवर माझं आडनाव चिकटवलं आणि पत्रांचा ओघ सुरू झाला. बँकेचं कार्ड एका पाकिटात, पिन वेगळ्या पाकिटात, विम्याचं तिसऱ्यात. पण केवळ मला उद्देशून, ‘मान्यवर बाई’ असं लिहून आलेलं पहिलं पत्र सार्वजनिक रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं होतं. घरटी महिन्याला 18 यूरो 36 सेंट. टीव्ही असो वा नसो. लाइपझिगवाली म्हणाली, घराची वर्गणी ती भरतेच, मी फक्त तसं कळवायचं. मग भागिले तीन केलं आणि फ्रिजवरच्या तक्त्यात माझ्या नावापुढे लिहिलं: 6 यूरो 12 सेंट.

आईला सांगितलं.

“म्हणजे टीव्ही नाही तरी पैसे घेतात?”

“घरामागे ठरलेलेच आहेत. सगळे देतात.”

“मग वर्गणीच की ती,” आईच्या आवाजात माझ्या जाण्यापासून पहिल्यांदाच निश्चिंतपणा आला. “देऊन टाक. पावती घे. आणि आरती किती वाजता असते ते विचारून ठेव.”