खोली सापडली

माझा पुतण्या टेक्सासात असतो. त्याची शुक्रवारची रात्र ती माझी शनिवारची सकाळ, त्यामुळे वाईच्या ढोल्या गणपतीचं दर्शन घेऊन मी घाटाच्या पायऱ्या चढत असतो तेव्हा हमखास त्याचा फोन येतो. एका शनिवारी फोन उचलताच तो ओरडला, "काका, सापडली!"

त्याचं वय पस्तीस. मी आहे त्या पायरीवर बसलो, देवळाकडे वळून हात जोडले आणि विचारलं, "कुठली रे? आपल्याकडची का?"

"काका, खोली सापडली."

म्हटलं, चला, निदान घर तरी घेतोय. पण ती खोलीही नव्हती. काडतुसाच्या पुंगळीच्या तोंडात गोळी किती आत बसवायची, ती खोली.

तिकडे लोक गॅरेजात बसून आपली काडतुसं आपण भरतात. आपल्याकडे परवान्याशिवाय असलं काही केलं तर 1959 च्या शस्त्र कायद्याने सरकारच आपल्या राहण्याची सोय करतं. तिकडे मात्र हा छंद आहे, आणि छंद म्हटल्यावर त्यात वेड आलंच. वापरलेली पुंगळी साफ करायची, नवी टोपी बसवायची, दारू तोलून घालायची आणि वरून गोळी दाबायची. गोळी सुटली की आधी थोडं मोकळं अंतर जाते आणि मग नळीतल्या पिळदार आट्यांना भिडते. नेमबाजाचा जीव या मोकळ्या अंतरात अडकलेला. गोळी आट्यांना टेकवूनच ठेवली तर दाब वाढतो. फार आत ढकलली तर दारूची जागा आक्रसते आणि दाब तेव्हाही वाढतो. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधल्या चिंचोळ्या वाटेवर कुठेतरी ती जागा असते जिथे पाचही गोळ्या कागदावर एकमेकींना बिलगून बसतात.

ही वाट किती चिंचोळी? आमच्या वाईच्या एमआयडीसीतला लेथवाला ज्याला थाऊ म्हणतो, त्या इंचाच्या हजाराव्या भागात तिचं माप. तीन थाऊ म्हणजे साधारण डोक्याचा एक केस. पुतण्या कॅलिपरने मोजत आट्यांना टेकण्यापासून सुरू करतो आणि केसाकेसाने मागे येत एकशेवीस थाऊपर्यंत जातो. प्रत्येक खोलीला पाच गोळ्या. घरात कुणी नसल्याने हे चालतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

"पुस्तकात लिहिलेली नसते का रे ही खोली?"

"पुस्तकात सुरुवातीचा आकडा असतो, काका. पुढचं नळी ठरवते. एकाच कारखान्यातल्या दोन रायफलींची आवड सारखी नसते."

हे मात्र मला पटलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी ऑलिंपिकमध्ये 451.4 गुण मिळवून 50 मीटर थ्री पोझिशनचं कांस्यपदक आणलं, तेव्हा आमच्या कट्ट्यावर सगळेच आठवडाभर नेमबाजीतले तज्ज्ञ झाले होते. त्या प्रकारातली पॉइंट टू-टूची काडतुसं घरी भरता येत नाहीत, कारण त्यांचा स्फोटक मसाला पुंगळीच्या कडेतच भरलेला असतो. मग हे नेमबाज काय करतात, तर एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या घाण्यांतली काडतुसं रायफलीतून मारून बघतात आणि जी तिला मानवतील तीच पेट्यांनी घेतात. म्हणजे कांदेपोह्यांचाच कार्यक्रम. फरक एवढाच, की इथे पसंती मुलीची.

"आणि आता सापडलीच आहे तर कायमची मिटली ना कटकट?" मी विचारलं.

"कुठची? बार काढून काढून नळीचा गळा झिजतो. आटे पुढे सरकतात. मग परत शोधायची."

यावर काय बोलणार? मी घरी येऊन चहा घेतला.

आमच्या घरात या विद्येचे जुने जाणकार म्हणजे माझे मामा, पुतण्याचे मामाआजोबा. राहायला जोर खोऱ्यात, धोम धरणाच्या पाण्याच्याही वर. पीकसंरक्षणाच्या परवान्यावर त्यांच्याकडे ठासणीची बंदूक आहे. ती दसऱ्याला झेंडूची माळ घालून मिरवते आणि एरवी रानडुकरं हुसकायला आभाळाकडे तोंड करून एक बार काढते. तिलाही खोलीचं शास्त्र आहे. नळीत दारू ओतायची, वर काथ्या घालायचा आणि गजाने ठासायचं. दारू आणि ठासण यांच्यात फट राहिली तर नळी फुगते, प्रसंगी फाटते. म्हणून मामांच्या गजावर एक खाच आहे. गज आत गेला आणि खाच नळीच्या तोंडाशी आली की झालं. खाच वर राहिली तर समजायचं, कुठेतरी अडलंय, नाहीतर मगाशी भरलेलं विसरून आपण पुन्हा भरलंय. वयाच्या ऐंशीत हा दुसरा प्रकार जास्त होतो, असं मामा स्वतःच सांगतात.

ठासणं हा तसा मराठी माणसाच्या हातचा गुण. आम्ही ठासून बोलतो, एसटी ठासून भरतो, पाहुण्याच्या ताटातही जिलबी ठासतो. अख्खं विश्व 20 खंडांत बसवणारा मराठी विश्वकोशही आमच्याच वाईत तयार झाला. पण किती ठासायचं हे कळणारी माणसं थोडी, आणि ती बहुतेक स्वयंपाकघरात सापडतात. करंजीत सारण जास्त झालं तर ती तेलात तोंड उघडते, कमी झालं तर खुळखुळा होतो. आमच्या हिला मी एकदा प्रमाण विचारलं. ती म्हणाली, "हाताला कळतं." कॅलिपर नाही, काही नाही.

मग 2024 च्या दिवाळीत पुतण्या वाईला आला आणि मामाआजोबांना भेटायला गेला, खिशात कॅलिपर घेऊन. बंदूक मात्र घरी नव्हती. विधानसभेची आचारसंहिता लागली होती आणि परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा झाली होती. पावती देव्हाऱ्यात. गज तेवढा खुंटीला होता, त्यावर आकाशकंदील लटकत होता.

"मामाआजोबा, हा नाही जमा केला?"

"बंदूक द्या म्हनले. गजाचं कुनी काय बोललंच न्हाय."

पुतण्याने कंदील उतरवला, गज मांडीवर घेतला आणि खाचेची रुंदी मोजली. तीन मिलिमीटर. थाऊत एकशे अठरा. तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसला. त्याचे सहा महिने, शेकडो गोळ्या आणि आट्यांपासून एकशेवीस थाऊपर्यंतचा सगळा प्रवास मामांच्या एका खाचेत मावत होता, वर दोनच थाऊ उरत होते.

"आजोबा, खाचेच्या वरच्या कडेपर्यंत ठासायचं का खालच्या?"

मामांनी चष्मा पुसला, खाच नीट पाहिली. मग म्हणाले, "आरं, खाचंला दोन कडा असत्यात हे आज कळलं."

त्या रात्री डुकरं आली. मामांनी पत्र्याचा डबा वाजवला, ती गेली.