खणायचं कोणी, हा प्रश्न

अहो, जरा कंपाउंडजवळ या ना, मोठ्यानं बोलायची सोय नाही. आठ नंबरची खिडकी उघडी आहे. ऐकलंत का रविवारच्या मीटिंगमध्ये काय झालं ते? तुम्ही नेमक्या म्हैसूरला! लेआउटमध्ये फायबर कोणी टाकायचं, एवढाच विषय होता हो. पण गाडी कुठल्या कुठे गेली... दिल्ली बघून आली म्हणा ना.

सुरुवात अगदी साधी. एका कंपनीचा माणूस म्हणे सेक्रेटरींना भेटून गेलाय. खणणं आमचं, केबल आमची, तुम्हाला एक पैसा नको; फक्त काही वर्षं दुसऱ्या कोणाला गेटच्या आत घ्यायचं नाही. सेक्रेटरी खूश. तेवढ्यात आठ नंबरवाले उठले. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेत ना ते, उठले की खुर्चीसुद्धा अदबीनं मागे सरते. म्हणाले, "अशी कामं खाजगीकडे द्यायची नसतात. रस्ता सरकार बांधतं, तशी केबलही सरकारनंच टाकायची. त्यासाठी भारतनेट आहे." आणि हुबळीच्या वहिनी मागच्या रांगेतून हळूच, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळूच, म्हणाल्या, "अय्यो, ते अजून यायचंय का?"

आठ नंबरवाल्यांचा चेहरा बघायला हवा होतात. पापड भाजताना आक्रसतो ना, तस्सा.

तर काय सांगत होते... भारतनेट. ते तर तुम्हाला ठाऊकच आहे. 2011 च्या ऑक्टोबरात कॅबिनेटनं पास केलं, वीस हजार कोटींचा बेत, अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर. तेव्हा नाव वेगळं होतं, नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क. आणि कोणी बांधायचं यावरून त्याच्याही आधीपासून चाललं होतं. टेलिकॉमची नियामक संस्था, ट्राय, तिनं 2010 च्या डिसेंबरात सुचवलं होतं की केंद्राची एक एजन्सी काढा आणि राज्याराज्यांत तिच्या जोडीला एकेक. ते राहिलं बाजूला. 2012 ला निघाली नवीच कंपनी, बीबीएनएल, आणि काम वाटून दिलं तिघांना: बीएसएनएल, रेलटेल, पॉवरग्रिड. एकाकडे टेलिफोनच्या लाइनी, एकाकडे रेल्वेचे रूळ, एकाकडे विजेचे टॉवर. दोन-तीन वर्षांत व्हायचं ते काम; पहिल्या एक लाख पंचायतींचा टप्पा पुरा झाला 2017 च्या डिसेंबरात. आठ नंबरवाले म्हणतात, देश मोठा आहे. असेल बाई.

पैसा कोणाचा, तर तुमचा-माझाच. मोबाइल कंपन्यांच्या उत्पन्नातून पाच टक्के काढून एक फंड ठेवलेला आहे, खेड्यापाड्यांसाठी. आता त्याला डिजिटल भारत निधी म्हणतात. कंपन्या म्हणणार आम्ही भरतो, पण कंपनी काय घरून आणते का? आपल्याच रिचार्जमधून की.

मग आमचे सोलापूरचे भावजी. त्यांना महाराष्ट्राचं नाव काढल्याशिवाय चहा उतरत नाही. म्हणाले, "दुसऱ्या टप्प्यात केंद्रानंच सांगितलं ना, राज्यांनी आपलं आपण करा. आमच्याकडे महानेट झालं, राज्याच्याच महाआयटीनं केलं." हुबळीच्या वहिनींनी विचारलं, "मग तुमच्या गावच्या पंचायतीत चालतं का?" भावजी म्हणाले, डबा आहे. डबा आहे! चालतो का ते विचारलं तर म्हणे त्याचं वीजबिल कोणी भरायचं ते ठरायचंय. इतकं हसले सगळे... आठ नंबरवालेसुद्धा, ओठ दाबून.

पण खरी मजा पुढेच. चौदा नंबरचा तो मुलगा आहे ना, एअरपोर्टवर कामाला, सदा घाईत असतो तो. तो उठला. "अंकल, तुमच्या दारातच बघा. हे बंगळूरचं एअरपोर्ट कोणी बांधलं? 2008 ला सुरू झालं, 74 टक्के खाजगी, सरकारचे दोन भाग तेरा-तेरा टक्क्यांचे. देवनहळ्ळीत पूर्वी काय होतं? टिपूचा किल्ला आणि चकोता." आता मला हे लागलंच थोडं, चकोता म्हणजे आपलं पपनस, त्याला जीआय टॅग आहे, काहीच नव्हतं कसं म्हणतो? पण बोलण्यात दम होता हं. पीपीपी, म्हणजे सरकार-खाजगी भागीदारी, केलं म्हणून झालं, हे त्याचं म्हणणं.

आठ नंबरवाल्यांनी काय केलं, चष्मा काढला. चष्मा काढला की समजायचं, आता खैर नाही. "बरं. 2021 च्या 30 जूनला कॅबिनेटनं काय पास केलं होतं? सोळा राज्यांत भारतनेट पीपीपीनं, खाजगीला 19,041 कोटींची मदत देऊन. आपलं कर्नाटक होतं त्यात. किती कंपन्या आल्या?" मुलगा गप्प. "एकही नाही." आणि अहो, हे मला तेव्हापासून आठवतंय, ज्या मंत्र्यांनी, रविशंकर प्रसादांनी, ती घोषणा केली ना, ते आठवड्याभरात, 7 जुलैला, मंत्रिमंडळातून बाहेर! दोन्हींचा काही संबंध नसेलही... पण गंमत वाटते की नाही?

का आलं नाही कोणी? हे मात्र आठ नंबरवाल्यांनी छान सांगितलं, मी कबूल करते. एअरपोर्टवर प्रत्येक माणसाच्या तिकिटात यूजर फी असते, शिवाय करारात अट, दीडशे किलोमीटरच्या आत 25 वर्षं दुसरं विमानतळ नको. जुन्या एचएएलच्या विमानतळावरची नेहमीची प्रवासी विमानं तर बंदच केली. म्हणजे गिऱ्हाईकही पक्कं आणि शेजारी दुकानही नाही. खेड्यातल्या पंचायतीत गिऱ्हाईक किती, ते देणार किती, आणि रस्ता रुंद करायला जेसीबी आला की केबल तुटणार, ती जोडायची कोणी? खाजगीवाला गणित करूनच येतो. ते ऐकून सेक्रेटरींच्या टेबलावरच्या त्या कंपनीच्या कागदाकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. दुसऱ्याला आत घ्यायचं नाही, हीच तर अट! सेक्रेटरींनी कागदावर हळूच पाण्याची बाटली ठेवली. मी पाहिलं.

हं, तर... पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून 2020 च्या 15 ऑगस्टला सांगितलं होतं ना, एक हजार दिवसांत सहा लाख गावांत फायबर? ते हजार दिवस 2023 च्या मेमध्ये संपले, आणि ऑगस्टमध्ये भारतनेटची नवी योजना, 1,39,579 कोटींची. वीस हजारांवरून बघा कुठे. बीबीएनएल बीएसएनएलमध्ये विरघळवायचं त्याआधीच ठरलं होतं. आता म्हणे देखरेख बीएसएनएलची, पण बांधायचं आणि पुढे दहा वर्षं बघायचं ते टेंडर घेणाऱ्यानं. आणि केबल रिंगमध्ये. म्हणजे एकीकडे तुटली तर दुसऱ्या बाजूनं नेट येतं. पूर्वी सरळ लाइन असायची, मध्ये तुटली की पुढची सगळी गावं अंधारात. मला विचाराल तर हे दहा वर्षांचं कलम पहिल्या दिवसापासून हवं होतं. इतकी वर्षं सगळे बांधायचं कोणी यावरच हमरीतुमरीवर, आणि तुटलं की कोणाला फोन करायचा, ते मात्र कोणाच्या लेखी नाही.

आपल्याकडेच असं नाही हं. माझी नणंद मेलबर्नला असते, ती तर हसतच असते यावर. तिथं सरकारनं ब्रॉडबँडचं टेंडर काढलं, तर त्यांची जुनी टेलिफोन कंपनी, टेल्स्ट्रा, पूर्वी सरकारीच होती, तिनं नीट बोलीच दिली नाही. छोट्या व्यवसायांना कामात कसं घेणार, ते मागितलं होतं, तेही जोडलं नाही. 2008 च्या डिसेंबरात सरकारनं काढलं बाहेर. मग एप्रिल 2009 ला तिथले पंतप्रधान केव्हिन रड म्हणाले, कोणाचंच पटत नाही, आम्हीच काढतो कंपनी, 43 अब्ज डॉलर! पुढे 2013 ला सरकार बदललं, तर घरापर्यंत फायबर नको, बऱ्याच घरांना शेवटचा तुकडा जुन्या तांब्याच्या तारेचाच चालेल म्हणाले. श्रीमंत देश, पण भांडण तेच!

आणि हे आता आकाशातून, उपग्रहावरून येणारं नेट. स्टारलिंक. आठवतंय ना, 2024 च्या ऑक्टोबरात एअरटेलचे मित्तल आणि जिओचे अंबानी दोघेही म्हणत होते स्पेक्ट्रमचा लिलाव करा, आम्हाला जो नियम तो त्यांनाही? आणि 2025 च्या मार्चमध्ये, एक दिवस एअरटेलचा करार, दुसऱ्या दिवशी जिओचा. त्याच स्टारलिंकशी! लग्नात रुसलेले व्याही जेवायला पहिल्या पंगतीत. महाराष्ट्र सरकारनंही नोव्हेंबरमध्ये हात मिळवला, गडचिरोली, नंदुरबारसारख्या भागांसाठी. भावजी खूश. आठ नंबरवाले म्हणाले, "छप्पर फाडून देणार म्हणजे बिलही छप्पर फाडून येणार." तेव्हा मात्र भावजींचं तोंड बघण्यासारखं झालं.

शेवटी काय ठरलं विचाराल तर... हुबळीच्या वहिनींनीच मांडलं. आपण लेआउटवाले मिळून पाइप टाकू, रस्ता आपला, नळी आपली. त्यातून ज्याला केबल न्यायची त्यानं भाडं द्यावं, दोन येवोत की चार. सगळ्यांनी हात वर केले. अगदी आठ नंबर आणि चौदा नंबर, दोघांनीही एकदमच. मग खजिनदारांनी विचारलं, वर्गणी किती लावू घरटी? हात हो... एकेक करत खाली. कोणाला फोन आला, कोणाला मुलाला आणायला जायचं. ठराव झाला, पुढच्या मीटिंगला बघू. आणि सेक्रेटरी म्हणतात, ती मीटिंग ऑनलाइन घेऊ या!