तिकोनी बगीचा

नंदुरबार घ्या, शहादा घ्या, तळोदा घ्या. कुठल्याही नव्या कॉलनीचा नकाशा उघडा. प्लॉट सगळे तीस बाय पन्नास, काटकोनात, शिस्तीत उभे. आणि कोपऱ्यात, नाल्याला चिकटून, हिरव्या रंगात रंगवलेला एक त्रिकोण. ओपन स्पेस! चार हजार चौरस मीटरच्या पुढे लेआउट गेला की दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. सोडली की. तिकोनी प्लॉट वास्तूला चालत नाही, गिऱ्हाईक फिरकत नाही. मग पोरांना देऊन टाकला.

पोरंही गुणाची. त्या त्रिकोणात क्रिकेट खेळतात. निमुळत्या टोकाला स्टंप रोवले तर बॅट फिरवताना कोपर कुंपणाला घासतं, रुंद बाजूला रोवले तर बोलरला रनअपसाठी शेजारच्या अंगणातून निघावं लागतं. ऑफला मारलं तर नाला, लेगला मारलं तर विजेची डीपी, आणि सरळ मारलं तर मारुतीचा ओटा, जिथे टप्पा पडला की आऊट, कारण देवाला बॉल लागलेला चालत नाही. नाल्यात गेलेला बॉल मारणाऱ्यानेच उतरून आणायचा. अख्ख्या कॉलनीत काटेकोर पाळला जाणारा तेवढा एकच नियम. आता ओट्याशेजारी सभामंडपाचं घाटतंय, म्हणजे सरळ मारायचंही बंद.

दाटीवाटीची सबब तरी कुणाला सांगता? २०११ च्या जनगणनेत नंदुरबार शहर सव्वा लाखाचंही नव्हतं. राज्यात शंभरातले पंचेचाळीस शहरात राहत होते, या जिल्ह्यात जेमतेम सतरा. १९९८ साली जिल्हा झाला तेव्हा सगळं कोऱ्या कागदावर आखता आलं असतं. गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या वाळत पडतात एवढ्या मोकळ्या जागा इथे, आणि पोराला धावायला सरळ रेषा नाही! लाज वाटायला हवी, तर कॉलनीच्या कमानीवर नाव झळकतंय ‘ग्रीन पार्क’.

मोठ्या विकास आराखड्याची तऱ्हा त्याहून सोपी. मैदानाचं आरक्षण टाकायचं आणि दहा वर्षं ढुंकून बघायचं नाही. मग मालक नोटीस देतो, तिचीही मुदत टळते, आरक्षण उठतं. १९६६ च्या नगररचना कायद्याचं १२७ वं कलम. जागामालकाची अडवणूक होऊ नये म्हणून केलेलं. अडवणूक होत नाही. मैदानही होत नाही.

तर आमची मागणी साधी आहे. लेआउट टाकणाऱ्याने आणि त्यावर सही करणाऱ्याने स्वतःचा बंगला त्याच त्रिकोणात बांधावा. नाल्याकडचं टोक देवघराला.