गाभुळलेले आकडे

आमच्या भोपाळातल्या चार इमलीत मंत्र्यांचे आणि बड्या साहेबांचे बंगले आहेत. नावात चिंचा चारच, आकडे मात्र मोजता मोजवत नाहीत. (चिंचेच्या शेंगेला मराठीत आकडा म्हणतात, त्याला आमचा इलाज नाही.)

फेब्रुवारी २०२५ मध्ये इथल्या मानव संग्रहालयात जागतिक गुंतवणूकदार परिषद भरली. जागा मानवाच्या भूतकाळाची, क्रियापदं सगळी भविष्यकाळी. आधीचे विभागीय मेळावे धरून आकडा निघाला ३०.७७ लाख कोटी रुपयांचा. त्या वर्षीचं राज्याचं सकल उत्पन्न साधारण १५ लाख कोटी, आणि तोही अंदाजच. म्हणजे अख्खा मध्य प्रदेश दोन वर्षं राबून जे कमावेल, तेवढं सह्यांवर आलं. मथळ्यात चढता चढता ‘प्रस्ताव’ हा शब्द तेवढा गळाला.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी हसू नये. त्याच्या महिनाभर आधी तुमच्या मुख्यमंत्र्यांनी दावोसहून १५.७० लाख कोटी आणले होते. करार करणाऱ्यांत मुंबई-पुण्याच्या कंपन्याही होत्या. शेजारच्याला भेटायला स्वित्झर्लंड!

खरी गंमत पुढेच आहे. शेअर विकायला निघालेल्या कंपनीला सेबी माहितीपत्रात पुढच्या नफ्याचे अंदाज छापूच देत नाही. अमेरिकेत १९९५ च्या कायद्यानं अंदाजांना संरक्षण दिलं, पण शेजारी धोक्याची सूचना हवी. तिमाही निकालांच्या सादरीकरणात ती असतेच, मुंगीच्या अक्षरात का होईना. सामंजस्य कराराच्या बातमीत मुंगीसुद्धा नसते. सरकारी अंदाजपत्रकात निदान ‘सुधारित अंदाज’ असा एक रकाना असतो, तिथे गेल्या वर्षीची हवा गुपचूप काढता येते. मथळ्याला कसला आलाय रकाना?

चिंच गाभुळली की टरफल गरापासून सुटतं. टिचकी मारली की आवाजावरून कळतं. पत्रकारानं एवढंच करायचं असतं: जमीन ताब्यात आली का? बँकेनं कर्ज मंजूर केलं का? वीजजोडणीचा अर्ज तरी गेला का? वर्षभरानं तोच करार पुन्हा नव्या कागदावर आला नाही ना?

पण टिचकी मारायला आकडा आधी हाताशी यायला हवा. लहानपणी आम्ही दगड मारून पाडायचो. चार इमलीत ती सोय नाही, फाटकाशी पहारा असतो.