दिसलाच नाही

"काका, शपथेवर सांगतो, दिसलाच नाही."

हातकणंगल्याच्या पुढं, संध्याकाळी सातच्या सुमारास, स्वतःच्या गाडीला टेकून उभा असलेला तो माणूस मला हे तीनदा म्हणाला. त्यानं दुभाजकाच्या फटीतून पेट्रोल पंपाकडं गाडी वळवली आणि समोरून येणारा माझा भाचा मोटारसायकलसकट तिच्या दारावर आदळला. मांडीचं हाड मोडलं. मोटारसायकल आडवी पडली होती, तरी तिचा पुढचा दिवा पेटलेलाच होता. त्या दिव्याकडं बोट दाखवून मी त्या माणसावर ओरडलो: हा एवढा दिवा दिसला नाही?

वर्ष होऊन गेलं. भाचा चालतो, जिना चढताना कठडा धरतो. या वर्षभरात जे वाचलं, जे पाहिलं, त्यावरून मला आता पटलं आहे की तो माणूस खरं बोलत होता.

"दिसलाच नाही" हे वाक्य जुनं आहे. अमेरिकेत हॅरी हर्ट नावाच्या संशोधकानं लॉस एंजेलिस भागातल्या 900 मोटारसायकल अपघातांचा तपास थेट घटनास्थळी जाऊन केला आणि 1981 साली अहवाल दिला. दुसरं वाहन गुंतलेल्या अपघातांपैकी सुमारे दोन तृतीयांशांत मोटारसायकलच्या हक्काच्या वाटेत दुसरं वाहन घुसलेलं होतं. आणि त्या चालकांचं म्हणणं काय? दिसलाच नाही, किंवा दिसला तेव्हा उशीर झाला होता. चाळीस वर्षं उलटून गेली. आपल्याकडं पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलेला माणूस आजही तेच सांगतो.

का दिसत नाही? मोटारीला पुढं दोन दिवे असतात. ती जवळ येते तशी दोन दिव्यांमधली फट रुंदावत जाते आणि त्या रुंदावण्यावरून आपला मेंदू तिचा वेग ताडतो. मोटारसायकलचा दिवा एकच. दोनशे मीटरवर ठिपका, शंभर मीटरवरही ठिपकाच. वळणाऱ्याला वाटतं, आहे अजून लांब. ताशी 60 किलोमीटरच्या वेगानं मोटारसायकल सेकंदाला जवळजवळ 17 मीटर कापते. शंभर मीटर म्हणजे सहा सेकंद, आणि तेवढ्या वेळात गाडी अर्धी वळलेली असते. भाच्याचा दिवा त्या माणसाच्या डोळ्यांत शिरला असणार. त्या ठिपक्याला वेग आहे, हे मात्र त्याला कळलं नाही.

लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातल्या संशोधकांनी 2012 साली याच ठिपक्यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर वाहनं येताना दाखवायची आणि बघणाऱ्यानं वेग ओळखायचा. उजेड कमी होत गेला तसा एका दिव्याच्या मोटारसायकलचा वेग ओळखणं लोकांना अवघड होत गेलं. मग त्यांनी त्याच मोटारसायकलला आणखी दोन दिवे लावले, तीन दिव्यांचा त्रिकोण केला, आणि अंदाज सुधारला. ठिपक्याला आकार आला, की तो मोठा होताना दिसतो. अमेरिकेत रेल्वेच्या इंजिनांना मोठ्या दिव्याखाली दोन्ही बाजूंना एकेक दिवा 1997 अखेरपर्यंत सक्तीनं लावायला लावला, तोही याच कारणासाठी: फाटकावर थांबलेल्याला गाडी किती वेगानं येते आहे ते कळावं.

म्हणजे उपाय माहीत आहे. तो दुचाकीच्या किमतीच्या मानानं स्वस्तही आहे. मग माझा पहिला सवाल दुचाकी बनवणाऱ्यांना: तुमच्या गाडीला मोबाइल जोडायचा पडदा येतो, फोन चार्ज करायचं भोक येतं, तीन रंगांची पट्टी येते. त्रिकोणाचे खालचे दोन दिवे कारखान्यातूनच का येत नाहीत? शंभर सीसीची गाडी घेणारा शेतकरी, शिक्षक, पोस्टमन रात्री रस्त्यावर असतोच. 2022 साली देशाच्या रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. त्यांतली साडेचव्वेचाळीस टक्के दुचाकीवरची होती. केंद्राच्या अहवालांत वर्षानुवर्षं सर्वाधिक अपघात संध्याकाळी सहा ते नऊ या तीन तासांतले दिसतात. माणसं कामावरून घरी येतात ती हीच वेळ.

सरकारनं काहीच केलं नाही असं नाही. 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकीचा पुढचा दिवा इंजिन सुरू होताच पेटतो आणि बंद करता येत नाही. आठवत असेल, त्या वर्षी रस्त्यानं जाताना समोरचे लोक हाताची बोटं उघडमीट करून खुणावायचे: अहो, दिवा चालू राहिलाय. चांगली माणसं होती ती. पण निर्णय योग्य होता. मलेशियानं 1992 साली दिवसा दिवा लावायला लावला, तेव्हा न दिसण्यामुळं होणारे दुचाकींचे अपघात 29 टक्क्यांनी घटल्याचं तिथल्या अभ्यासात आढळलं. आणि आपण काय केलं? बॅटरी उतरते म्हणून गॅरेजात जाऊन वेगळं बटण बसवून घेतलं. ज्यांनी बसवलं असेल त्यांनी आज जाऊन काढून टाकावं. इंजिन चालू असताना गाडी वीज बनवतच असते. दिव्यानं बॅटरी उतरत असेल तर बिघाड दुसरीकडं आहे, तो शोधा.

आता फोकसवाल्यांकडं येतो. भाच्याची गाडी दुरुस्त करून घेताना मिस्त्री मला म्हणाला, "मामा, फोकसची जोडी टाका की. रातीचा दिवस हुतोय बघा." त्यानं दाखवायला म्हणून समोरच्या गाडीचे फोकस लावले. रस्त्यापलीकडच्या टपरीवर बसलेल्या म्हाताऱ्यानं डोळ्यांवर हात धरला. माझं भांडण त्या धरलेल्या हातावरून आहे. दिवा वाढवणं आणि झोत वाढवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 106 क्रमांकाचा नियम साधा आहे: पुढच्या दिव्याचा झोत कायम खाली वळलेला किंवा चालकाला खाली वळवता येणारा हवा, आठ मीटरवरच्या, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला त्यानं दिपवता कामा नये. बाजारातले निम्मे फोकस ज्या पद्धतीनं बसवतात, ते या कसोटीला टिकणार नाहीत. डोळे दिपलेला ट्रकवाला पुढचे काही सेकंद आंधळा असतो. त्याच सेकंदांत रस्त्याकडेनं चालणारी बाई त्याला दिसत नाही, आणि तुमच्या फोकसशेजारी उघडमीट करणारा तुमचाच इंडिकेटरही दिसत नाही. आपण दिसावं म्हणून दिवा लावला आणि आपण कुठं वळणार तेच झाकलं.

लावायचेच असतील तर लहान, मंद दिवे घ्या आणि लेगगार्डच्या खालच्या टोकांना, जितके लांब लांब जातील तितके लांब लावा. हँडलवर एकमेकांना चिकटून दोन दिवे लावू नका: जवळजवळ असलेले दोन दिवे म्हणजे लांबवरची मोटार, असाच समज होतो, आणि मग माणूस निर्धास्त वळतो. अंधारात भिंतीसमोर गाडी उभी करा, गाडीवर बसा, आणि भिंतीवरचा उजेडाचा काठ बघा. तो दिव्याच्या उंचीच्या वर गेला असेल तर स्क्रू पिळा. गाडीवर वजन असताना मागचा भाग दबतो आणि झोत वर उठतो, म्हणून बघताना मागं माणूस बसवून बघा. वायरिंगमध्ये मिस्त्रीला घाई करू देऊ नका. मूळ वायर सोलून तिला जोड मारायचा, वर काळी टेप गुंडाळायची, हे काम पहिल्या पावसात दगा देतं. बॅटरीपासून स्वतंत्र वायर, तिला फ्यूज, मध्ये रिले. हिशेब असा: 35 वॉटचा मूळ दिवा तीन अँपिअर ओढतो. तीस-तीस वॉटचे दोन फोकस आणखी पाच. लहान गाडीला हा भार झेपत नाही. त्रिकोणासाठी एवढी ताकद लागतही नाही.

कायद्याचंही भान ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमानुसार उत्पादकानं ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये ते ठणकावून सांगितलं आहे. म्हणून आधी कंपनीच्याच मान्य सुट्या भागांत विचारा. लाल-निळ्या लुकलुकत्या पट्ट्या तर लावूच नका. ते दिवे रुग्णवाहिकेचे, पोलिसांचे, अग्निशमन दलाचे आहेत. खरी रुग्णवाहिका मागून येईल तेव्हा लोकांनी वाट द्यावी, यासाठी ते जपायला हवेत.

पण माझा खरा राग मागच्या दिव्यावरून आहे. पुढं चार हजारांचे फोकस आणि मागं अंधार, अशा गाड्या मी रोज बघतो. जुन्या पद्धतीच्या मागच्या बल्बमध्ये दोन तारा असतात: 5 वॉटची सतत जळणारी, आणि 21 वॉटची, ब्रेक दाबल्यावर जळणारी. बऱ्याचदा बारकी तार आधी तुटते. ब्रेक दाबला की लाल उजेड पडतो, म्हणून मालकाला वाटतं दिवा ठीक आहे. तो मैलोन्‌मैल विनादिव्याचा जात असतो आणि फक्त थांबताना दिसतो. हा बल्ब दोन-चार वडापावांच्या पैशांत येतो. अंधार पडल्यावर गाडी चालू करून, ब्रेकवरचा पाय काढून, मागं जाऊन बघायला एक मिनिट लागतं.

माझ्या आजोबांच्या बैलगाडीच्या आसाला रात्री कंदील टांगलेला असे. बैलांना वाट पाठ होती. तो कंदील मागून येणाऱ्यासाठी होता.

आमच्याकडं गळीत हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ऊसवाहू ट्रॅक्टर रस्त्यावर येतात. मागं दिवा नाही, लोंबत्या उसानं नंबरही झाकलेला. दर हंगामात कुणीतरी दुचाकीवाला त्या उसात घुसतो. कारखान्याच्या वजनकाट्यावर प्रत्येक ट्रॉली थांबतेच थांबते. मागं रेडियम नसेल तर तिथंच बाजूला घ्यायची, पट्टा चिकटवून मगच सोडायची, एवढा नियम करायला कारखान्याला काय अडचण आहे? मी हे दर वर्षी विचारणार आहे.

आपण ज्याला रेडियम म्हणतो त्यात रेडियम नसतं. काचेचे बारीक मणी किंवा चिमुकले लोलक असतात, आणि ते उजेड जिथून आला तिथंच परत पाठवतात. म्हणून ट्रकच्या चालकाला पट्टा लखलखीत दिसतो आणि रस्त्याकडेला उभ्या असलेल्याला फिकट. वीज नको, वायर नको, फ्यूज नको. मागं लाल, पुढं पांढरा, बाजूंना पिवळा. न्यूझीलंडमध्ये ऑकलंड परिसरातल्या दुचाकीस्वारांचा अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. त्यात चमकणारा किंवा भडक कपडा घालणाऱ्यांना इजा होण्याचा धोका 37 टक्क्यांनी कमी निघाला, आणि काळ्या हेल्मेटपेक्षा पांढऱ्या हेल्मेटवाल्यांना 24 टक्क्यांनी. आपल्या दुकानांत हेल्मेटची रांग बघा: काळं, काळं, राखाडी, काळं. घरोघर जेवण पोचवणाऱ्या पोरांच्या पाठीवरचा चौकोनी डबाही कितीदा काळपटच असतो. ती पोरं नेमकी सहा ते नऊ रस्त्यावर असतात. त्या डब्याच्या पाठीवर हातभर लाल पट्टा शिवून द्यायला त्यांच्या मालकांना किती खर्च येईल?

भाच्याच्या गाडीला आम्ही लेगगार्डवर दोन लहान पिवळसर दिवे लावले, बल्ब बदलला, मागच्या मडगार्डवर लाल पट्टा चिकटवला. पट्ट्याचा रोल उरला. आमच्या गल्लीत पहाटे साडेचारला दूध घेऊन येणारा माणूस आहे. गाडीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन किटल्या, आणि मध्ये एकच दिवा. गाडी तीन हात रुंद होते आणि दिसते वीतभर. उरलेला पट्टा मी त्याला दिला. त्यानं तो किटल्यांच्या पोटाभोवती गुंडाळला, अगदी बाहेरच्या दोघींना.

परवा पहाटेच्या गाडीनं पुण्याला निघालो होतो. रिक्षा चौकात वळली आणि तिच्या उजेडात पुढं, पार शाळेच्या भिंतीपाशी, दोन लाल रेघा उठल्या. एकमेकींपासून चांगल्या तीन हात लांब. रिक्षावाल्यानं वेग कमी केला, उजवीकडून मोकळी जागा सोडून गाडी काढली आणि म्हणाला, "दूधवाला हाय."