अंगठ्यांची जमाबंदी

आमचे शेजारी भाऊसाहेब तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झाले, आणि ज्या गृहस्थाने उभी हयात ‘निशाणी डावा अंगठा’ अशा दस्तऐवजांची रुजवात घालण्यात वेचली, त्याच्या नशिबी उत्तरायुष्यातही अंगठेच मोजणे यावे, हा दैवाचा विनोद म्हणावा की पेन्शनीचाच एक पोटभाग, याचा निर्णय मला अद्याप करता आलेला नाही. फेसबुकाने २००९ साली पसंतीचे बटण प्रचारात आणले ते केवळ भाऊसाहेबांची सोय पाहून, असा मात्र माझा पक्का समज आहे.

प्रातःकाळी गच्चीवर उगवत्या सूर्यनारायणास पाठीशी घालून ते स्वतःची छबी टिपतात, तीखाली ‘समस्त स्नेहीजनांस सुप्रभात’ असा मजकूर जोडतात, आणि कोणी अंगठा उठवला व कोणी नाही याची नोंद एका लांबट वहीत करतात. गैरहजरांना दुपारी ‘प्रकृती बरी आहे ना?’ असा फोनवरून तगादा जातो. पाच हजारांपलीकडे मित्र करता येत नाहीत, ही फेसबुकाची अट त्यांना १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याइतकीच जुलमी वाटते. मनुष्याला सुमारे दीडशे माणसांशीच खरा संबंध राखता येतो, हे रॉबिन डनबार या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाचे अनुमान मी त्यांच्या कानी घातले, तेव्हा ‘त्यांची कधी तालुक्याला बदली झालेली दिसत नाही,’ असे म्हणून त्यांनी ते निकालात काढले.

माणसाने उघड्यावर लिहूच नये, असे माझे म्हणणे नाही. १८७९ साली हिंदुस्थानात सुरू झालेले पोस्टकार्ड पोस्टमनापासून घरमालकापर्यंत कोणीही वाचावे इतके उघडे असे. तरीही लिहिणाऱ्याची नजर पत्त्यावरच्या एकाच नावावर असल्यामुळे त्यात मुलीच्या खोकल्यापासून म्हशीच्या वेतापर्यंत सारे वर्तमान निःसंकोच येई. भाऊसाहेबांच्या मजकुरावर पत्ता नसतो, एवढीच माझी तक्रार.

वहिनींचा व्यवहार निराळा. गेल्या होळीला त्यांची पुरणपोळी लाटतालाटताच फुटली, तेव्हा पोळपाटावरच्या त्या चिंध्यांचे छायाचित्र त्यांनी बहिणींच्या व्हॉट्सॲप गटावर ‘अगं, हे बघ काय झालं’ एवढ्याच भाष्यासह धाडले. टोरोंटोत तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. तरीही धाकटीचा तत्काळ व्हिडिओ कॉल आला. ‘‘ताई, कट नीट निथळू दिला नाहीस. पुरण परत आटव, कलथा उभा राहिला पाहिजे!’’ पुढे बराच वेळ पुरण आटत होते, आणि दोघी बहिणी आईच्या हाताचे गुण गात, यंदाच्या डाळीला व (आवाज एकाएकी खाली गेला त्यावरून) भाऊसाहेबांना नावे ठेवीत होत्या.

दुसऱ्या खेपेची पोळी तव्यावर टम्म फुगली. भाऊसाहेबांनी तीवर तुपाची धार सोडून तिची छबी टिपली आणि ‘आमच्या घरची होळी’ या मथळ्याने ती जगजाहीर केली. सायंकाळी वही तपासताना टोरोंटोच्या मेव्हणीच्या नावापुढे त्यांनी तांबड्या शाईने शेरा मारला: ‘गैरहजर. खुलासा मागवावा.’