नाडीचा कलावंत

आमच्या संकेश्वरात दादा कोंडक्यांच्या एका विनोदाला दोन हशे मिळायचे. जत्रेतल्या तंबूत आधी मराठी मंडळी फुटायची. मग शेजारचा कानडी गडी विचारायचा, ‘एनंदा?’ मराठी गडी त्याच्या कानात सांगायचा, सांगता सांगता स्वतः पुन्हा हसायचा, तोवर पडद्यावर दादा तिसऱ्याच भानगडीत. बायकांच्या बाजूला मात्र पदराआडून हसणं केव्हाच उरकलेलं असे. तिथं कुणी कुणाला काही समजावत नसे.

आमच्या थोरल्या मामांना दादांचं हे कौतुक मंजूर नव्हतं. ‘ढगळी अर्धी चड्डी, गुडघ्यापत्तोर नाडी आन् तोंडावर बावळटपणा. ह्यात कला कसली? आपल्या गल्लीत कुणीबी करंल.’ मामा मिरचीचे व्यापारी. त्यांचं मतही संकेश्वरी मिरचीसारखं, चाखणाऱ्याच्याच डोळ्यांत पाणी.

आता हा बावळट कोण? 1932 साली मुंबईत नायगावच्या चाळीत जन्मलेला कृष्णा कोंडके. अपना बाजारात नोकरी केली, बँड पार्टीत वाजवलं, सेवा दलाच्या कलापथकात नाचला-गायला. माझ्या मते खरी शाळा बँडचीच. वाजवायचं कुठं हे कुणीही शिकतो. थांबायचं कुठं हे वरातीत हिंडल्याशिवाय कळत नाही. दादा बाईकडं बघतात, पापण्या फडफडवतात, तोंड अर्धवट उघडं, हात नाडीवर. बोलत काहीच नाहीत. आणि नेमकं आपल्याला हसू आवरेना झालं, की तेवढंच एक निरागस वाक्य. सेन्सॉरनं कापायचं तरी काय?

वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’नं नाव झालं. त्या वगात दादा ऐनवेळी चालू राजकारणावर टोले हाणायचे. आशा भोसल्यांनी प्रयोग पाहिला, भालजी पेंढारकरांकडे शब्द टाकला, आणि 1969 साली ‘तांबडी माती’ हा चित्रपट मिळाला. 1971 साली ‘सोंगाड्या’ आला, तेव्हा दादरच्या कोहिनूर थिएटरला देव आनंदचा ‘तेरे मेरे सपने’ हवा होता. बाळासाहेब ठाकरे मध्ये पडले आणि अर्ध्या चड्डीनं देव आनंदला मागं सारलं. दादांच्या नऊ चित्रपटांचे रौप्यमहोत्सव. नाव थेट गिनीज बुकात.

मामांनी मात्र गणेशोत्सवात ‘कुणीबी करंल’ हे सिद्ध करायचं ठरवलं. चड्डी शिवली. भर मंडपात घात नको म्हणून मामीनं नाडीला तीन गाठी मारल्या. तरी भरवसा नव्हता. मामांनी एका हातानं नाडी घट्ट धरून सगळी वाक्यं हिशेबाच्या वहीसारखी एका दमात वाचून दाखवली. मंडपात चिडीचूप. ‘पब्लिक अडाणी,’ म्हणत मामा घरी आले.

पुढं तासभर मामी गाठींशी झटत होती. शेवटी कात्री आणली, तेव्हा कुठं शेजारपाजारचे पोट धरून हसले.